स्पिरुलिनाच्या गोळ्या, पावडर आणि कॅप्सूल : लेबलवरचा दावा व चमच्यातले ग्रॅम

रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब यांपैकी एखाद्या आकड्याने मर्यादा ओलांडली की घरातले कोणीतरी, व्यायामशाळेतले कोणीतरी किंवा मेडिकलच्या काउंटरवरचा विक्रेता स्पिरुलिनाचे नाव सुचवतो, असा अलीकडे पुण्यातल्या अनेक शाकाहारी कुटुंबांचा अनुभव आहे. माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा एक प्रकार, काठावर आल्यानंतर मलाही तेच सुचवले गेले. डॉक्टरांची हरकत नाही ना, हे विचारून घेतल्यावर मी या सूक्ष्मशैवालाचे तीन प्रकार वापरून पाहिले : एका मोठ्या कंपनीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, एका छोट्या उत्पादकाची सुटी पावडर, आणि ‘हृदयाच्या आरोग्यासाठी’ असे ठळक छापलेली, अनेक वनस्पतींचे अर्क एकत्र केलेली कॅप्सूल. हे परीक्षण त्या तिन्हींचे आहे. उत्पादकांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण रोज पोटात नेमके किती ग्रॅम शैवाल जाते या एका बाबतीत हा जवळपास सगळाच बाजार मोघम बोलतो, आणि ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब तीच आहे.

स्पिरुलिना या नावाने विकले जाते ते आर्थ्रोस्पिरा हे नील-हरित शैवाल. शास्त्रीय वर्गीकरणात ते सायनोबॅक्टेरियांत, म्हणजे प्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जिवाणूंत मोडते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तंतू पिळदार दिसतात. सोडायुक्त, उष्ण पाण्यात, जिथे इतर फारसे काही तगत नाही, तिथे ते जोमाने वाढते, आणि या गुणामुळेच त्याची शेती शक्य झाली आहे : उथळ टाक्यांतील पाण्याचा सामू (पीएच) ९ ते ११ च्या दरम्यान ठेवला, पाणी सतत ढवळत राहिले आणि उन्हाची ऊब मिळाली की इतर शैवाल मागे पडते व हेच वरचढ ठरते, मग ते कापडातून किंवा जाळीतून गाळून, धुऊन वाळवले जाते. मेक्सिकोतील टेक्सकोको सरोवरातून अ‍ॅझ्टेक लोक ते गोळा करून खात असत, आणि आफ्रिकेतील चाड सरोवराच्या काठी कानेम्बू स्त्रिया त्याच्या वाळवलेल्या वड्या रश्श्यात घालतात. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने त्याच्यावर पुष्कळ काम केले. चेन्नईच्या केंद्रात सी. व्ही. शेषाद्री यांचा भर खेड्यातल्या कुपोषित मुलांपर्यंत ते स्वस्तात पोहोचवण्यावर होता, ही गोष्ट आजच्या चकचकीत बाटल्यांकडे पाहताना मला आवर्जून आठवते.

महाराष्ट्रातील वाचकाला या शैवालाची एक नैसर्गिक जागा चांगली परिचित आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवर सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, आणि एरवी दिसणाऱ्या त्याच्या हिरव्या रंगात याच कुळातील शैवालाचा मोठा वाटा असतो. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत त्याचे कारण मिठाच्या पाण्यात वाढणारे वेगळेच सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. नैसर्गिक सरोवरात कोणता सूक्ष्मजीव केव्हा वरचढ ठरेल हे कोणाच्याच हाती नसते, आणि म्हणून खाण्यासाठीचे शैवाल नियंत्रित टाकीतलेच असावे, हा खरेदीचा पहिला निकष मी त्यातूनच धरला. ‘सरोवरातून थेट’ अशी जाहिरात वाचली की मी ते उत्पादन बाजूला ठेवते.

आता मुख्य प्रश्न असा, की चयापचय आणि हृदय यांच्यासाठी याचा उपयोग होतो याला आधार काय आहे. आधार आहे, आणि तो सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप-२ मधुमेह असलेल्या २५ जणांपैकी काहींना दोन महिने रोज २ ग्रॅम स्पिरुलिना दिले गेले, आणि ते घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड हे सारे उतरल्याचे आढळले. त्याआधी १९८८ मध्ये जपानमध्ये ३० पुरुषांवर रोज ४.२ ग्रॅमचा प्रयोग झाला होता आणि त्यात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, कमी झाले होते. मेक्सिकोत २००७ मध्ये ३६ जणांना सहा आठवडे रोज ४.५ ग्रॅम दिल्यावर ट्रायग्लिसराइडबरोबर रक्तदाबही खाली आला. ग्रीसच्या क्रीट बेटावर २०१४ मध्ये, नुकतेच कोलेस्टेरॉलचे निदान झालेल्या ५२ जणांनी बारा आठवडे रोज फक्त १ ग्रॅम घेतले, तेव्हा ट्रायग्लिसराइड सुमारे १६ टक्क्यांनी आणि एलडीएल सुमारे १० टक्क्यांनी घटले, मात्र रक्तदाब आणि वजन जवळजवळ होते तसेच राहिले. पोलंडमध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० रक्तदाबग्रस्तांवरील अभ्यासात तीन महिने रोज २ ग्रॅम घेणाऱ्यांचे वजन आणि वरचा रक्तदाब, दोन्ही उतरले, आणि या अभ्यासाचे वजन माझ्या मनात अधिक आहे, कारण त्यात तुलनेसाठी दुसऱ्या गटाला निष्क्रिय गोळी दिली गेली होती व कोण काय घेत आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अशा सात चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी ४१ मिलिग्रॅमने व ट्रायग्लिसराइड ४४ मिलिग्रॅमने कमी झाल्याचा निष्कर्ष निघाला. जाहिरातींत फिरतात ते आकडे बहुधा याच प्रकारच्या विश्लेषणांतून उचललेले असतात. माझे मत असे, की हे आकडे जसेच्या तसे आपल्या अहवालावर लावू नयेत. चाचण्या लहान आहेत, वेगवेगळ्या प्रकारच्या रुग्णांवर झालेल्या आहेत, मात्रा एकसारखी नाही, मेक्सिको आणि क्रीट येथील अभ्यासांत तर तुलनेचा गटच नव्हता. आणि ज्या माणसाला नुकतेच निदान सांगितले गेले आहे तो त्याच आठवड्यात तेलकट खाणेही कमी करतो, हे कोणत्याही घरात दिसणारे सत्य आहे. त्याहून मोठी उणीव ही, की या सर्व चाचण्यांनी रक्तातील आकडे मोजले, हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले का हे मोजण्याइतक्या त्या मोठ्या किंवा दीर्घ मुदतीच्या नव्हत्या. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन या औषधाच्या मध्यम मात्रेने एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के कमी होते आणि झटके टळतात हे हजारो रुग्णांवर दाखवले गेले आहे. त्या गोळीची जागा हे शैवाल घेऊ शकत नाही, आणि तसे सुचवणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही विकत घेऊ नये असे मी स्पष्ट म्हणेन.

परिणाम कसा होत असावा याबद्दल काही विचार मांडले गेले आहेत. या शैवालाला निळी छटा देणारे फायकोसायनिन हे प्रथिन आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे पित्तातील चरबी पचवणाऱ्या आम्लांना, धरून ठेवते, ती शरीराबाहेर पडतात, आणि नवे पित्ताम्ल बनवण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते, असे उंदरांवरील प्रयोगांतून सुचवले गेले आहे. त्याच रंगद्रव्याचा दाहविरोधी परिणामही प्रयोगशाळेत दिसतो. माणसाच्या बाबतीत यातला नेमका कोणता मार्ग किती काम करतो हे ठरलेले नसल्यामुळे पाकिटावरच्या रंगीत आकृत्यांना मी फारसे महत्त्व दिले नाही.

मी घेतलेल्या गोळ्यांच्या बाटलीत ५०० मिलिग्रॅमच्या ६० गोळ्या आहेत आणि लेबलवर रोज एक ते दोन गोळ्या घेण्याची सूचना आहे. म्हणजे रोज अर्धा ते एक ग्रॅम. वडोदरा आणि पोलंड येथील अभ्यासांत जी मात्रा दिली गेली ती गाठायची तर रोज चार गोळ्या घ्याव्या लागतील आणि बाटली पंधरा दिवसांत संपेल. जपान किंवा मेक्सिकोतील मात्रा गाठायची तर आठ-नऊ गोळ्या, आणि बाटली आठवडाभरच पुरेल. फक्त क्रीटचा अभ्यास एक ग्रॅमच्या मात्रेला थोडाफार आधार देतो, आणि तोही तुलनेच्या गटाविना झालेला. थोडक्यात, जाहिरातीतला दावा मोठ्या मात्रेच्या जोरावर केला जातो आणि किंमत लहान मात्रेच्या हिशेबाने परवडणारी दाखवली जाते. बाटलीची किंमत तिच्यातील एकूण ग्रॅमने भागून, रोज दोन ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याचा खर्च काढला तर गोळ्या आणि पावडर यांतील फरक लगेच लक्षात येतो. मी घेतलेल्या दोन उत्पादनांत तर गोळ्यांचा प्रतिग्रॅम खर्च पावडरीच्या दुपटीहून अधिक होता.

लेबलवरची दुसरी ठळक ओळ ‘६० टक्के प्रथिने’ ही असते. वाळवलेल्या स्पिरुलिनात दर १०० ग्रॅममागे सुमारे ५७ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे ओळ खोटी म्हणता येणार नाही, मात्र १०० ग्रॅम स्पिरुलिना कोणी खात नाही. दोन ग्रॅममधून जेमतेम एक ग्रॅमच्या वर प्रथिन मिळते, आणि ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून सहा-सात ग्रॅम मिळते. लोहाचेही तसेच : १०० ग्रॅममागे सुमारे २८ मिलिग्रॅम हा आकडा डोळ्यांत भरतो, परंतु दोन ग्रॅममध्ये अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडे अधिकच येते, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केलेली आहे. ‘एक ग्रॅम म्हणजे किलोभर भाजी’ अशा वाक्यांचा मला मनापासून राग येतो, कारण भाजीतले तंतू, पाणी आणि पोटभरीचा गुण यांतले काहीच त्या ग्रॅममध्ये नसते, आणि ज्या मधुमेही माणसाने ताटातली पालेभाजी वाढवायला हवी त्याला हे वाक्य नेमके उलट दिशेला नेते. ‘नासाचे अन्न’ या वर्णनाचेही तसेच आहे. दीर्घ अंतराळप्रवासात अन्न तिथेच पिकवता येईल का या दृष्टीने नासाने या शैवालाचा विचार केला होता, त्याचा आपल्या कोलेस्टेरॉलशी संबंध नाही.

बी-१२ विषयी अधिक सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण इथे नुकसान होऊ शकते. आपल्याकडे शाकाहारी ग्राहकाला स्पिरुलिना हे बी-१२ चा नैसर्गिक स्रोत म्हणून सर्रास विकले जाते. जपानमधील वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बाजारातील स्पिरुलिनाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत सापडलेला घटक मुख्यतः छद्म बी-१२, म्हणजे रचनेने जवळचा पण माणसाच्या शरीराला उपयोगी न पडणारा असल्याचे दिसले. जुन्या, जिवाणूंवर आधारलेल्या चाचण्यांना हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे लेबलवर बी-१२ चा मोठा आकडा छापता येतो. पुण्यात याचे महत्त्व विशेष आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले होते, आणि निम्म्याहून अधिक जणांत होमोसिस्टीन हे रक्तातील अमिनो आम्ल वाढलेले होते. वाढलेले होमोसिस्टीन हृदयविकाराच्या जोखमीशी निगडित आहे. हृदयासाठी म्हणून हे शैवाल घेणाऱ्या आणि त्यातून बी-१२ मिळते या समजुतीने बी-१२ ची साधी, स्वस्त गोळी बंद करणाऱ्या शाकाहारी माणसाने हृदयाच्या बाजूनेच एक जोखीम वाढवून घेतलेली असते. त्यात जो मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेतो त्याने तर दुप्पट सावध राहावे, कारण त्या औषधाने बी-१२ आणखी घटू शकते. माझ्या गोळ्यांच्या लेबलवर हा दावा होता. पावडरीच्या उत्पादकाने तो केला नव्हता, आणि ही बाब मी त्याच्या प्रामाणिकपणाची खूण मानली.

वापराच्या सोयीत गोळ्या निःसंशय सरस आहेत. वास जवळजवळ नाही, प्रवासात नेता येतात, आणि पाण्याबरोबर गिळल्या की काम झाले. फक्त त्या लहान घोटाबरोबर घशाला चिकटतात, म्हणून पेलाभर पाणी लागते. पावडरीचा वास मात्र सवयीचा भाग आहे. पाकीट उघडताच शेवाळलेल्या पाण्याचा आणि थोडा समुद्रकाठचा वास येतो, चव खारवट-मातकट असते, आणि कोमट पाण्यात ढवळून पिण्याची जी सूचना पाकिटावर असते ती माझ्या मते पहिल्याच दिवशी माणसाला परावृत्त करणारी आहे. ताकात जिरेपूड आणि किंचित आले घालून घेतल्यास वास बराच झाकला जातो, आणि दह्यातल्या काकडीच्या कोशिंबिरीतही ती सहज मिसळते. धिरड्याच्या पिठात किंवा पोळीच्या कणकेत घालण्याच्या पाककृती सर्वत्र दिसतात, परंतु फायकोसायनिन उष्णतेने बिघडते, त्यामुळे ज्या घटकासाठी ही खरेदी केली त्यालाच तव्यावर घालवणे मला पटत नाही. सपाट चहाच्या चमच्यात साधारण सव्वादोन ग्रॅम पावडर बसते. पाकिटाबरोबर आलेला प्लॅस्टिकचा चमचा मात्र ‘एक चमचा’ यापलीकडे काही सांगत नव्हता, म्हणून मी तो स्वयंपाकघरातल्या लहान वजनकाट्यावर तपासून घेतला. जीभ, दात आणि पेला तात्पुरते हिरवे होतात, शौचाचा रंग गडद होतो. घाबरण्याचे कारण नाही. ओलावा आणि ऊन यांपासून पावडर जपावी लागते, आणि पावसाळ्यात तर झाकण उघडे राहिल्यास तिच्या लगेच गुठळ्या होतात.

शुद्धतेच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चौकशी करावी लागली. शैवाल ज्या पाण्यात वाढते त्यातील शिसे, आर्सेनिक, कॅडमियम व पारा हे जड धातू शोषून घेऊ शकते, आणि टाकीत दुसऱ्या जातीच्या नील-हरित शैवालाचा शिरकाव झाल्यास मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष मिसळण्याची शक्यता राहते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९९७ मध्ये तिथल्या क्लामाथ सरोवरातून गोळा होणाऱ्या एका वेगळ्या शैवालाच्या निमित्ताने ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली होती. नीट नियंत्रित टाक्यांत वाढवलेल्या स्पिरुलिनाबद्दल औषधांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकन फार्माकोपिया या संस्थेच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये सुरक्षिततेचा आढावा घेतला आणि त्याच्या वापराला आडकाठी करण्याजोगा गंभीर धोका त्यांना दिसला नाही. म्हणजे धोका शैवालाच्या जातीपेक्षा उत्पादनाच्या शिस्तीत आहे. मी दोन्ही उत्पादकांना माझ्या पाकिटावरचा बॅच क्रमांक कळवून जड धातू, सूक्ष्मजंतू आणि मायक्रोसिस्टिन यांचा तपासणी अहवाल मागितला. छोट्या उत्पादकाने त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल पाठवला, त्यात धातूंचे आकडे होते, मायक्रोसिस्टिनची तपासणी मात्र नव्हती, आणि ती का नाही हे विचारल्यावर पुढील बॅचपासून करून घेऊ असे उत्तर आले. मोठ्या कंपनीकडून ‘आमची सर्व उत्पादने मानकांनुसार आहेत’ एवढाच एका वाक्याचा संदेश आला. आपल्या आरोग्यासाठी रोज घ्यायच्या वस्तूबद्दल ग्राहकाने विचारलेल्या साध्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसे नाही, आणि गोळ्यांबद्दलचे माझे मत त्यानंतर अधिकच खाली गेले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक दोन्ही पाकिटांवर होता. तो पाहावाच, परंतु तो उत्पादकाचा परवाना आहे, बॅचची तपासणी नव्हे, हेही लक्षात ठेवावे. अशा पूरक आहारांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना असणे आपल्या नियमांनुसार बंधनकारक आहे. गोळ्यांच्या बाटलीवर ती होती, पण इतक्या बारीक अक्षरांत, की ज्या वयाचे लोक ही बाटली प्रामुख्याने घेतात त्यांना ती चष्म्याशिवाय वाचता येणार नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे मिश्र कॅप्सूलबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. तिच्यात स्पिरुलिना, लसूण, अर्जुन, मेथी आणि आणखी काही अर्क ‘एकत्रित मिश्रण ५०० मिलिग्रॅम’ या एका ओळीत दिलेले आहेत आणि प्रत्येकाचे वेगळे प्रमाण कुठेच नाही. शैवालाची मात्रा कळत नसेल तर तिचा गुण किंवा दोष काहीच ठरवता येत नाही, आणि रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबरोबर असे अज्ञात प्रमाणातले मिश्रण घेणे शहाणपणाचे नाही. दोन दिवसांत मी ती बाजूला ठेवली.

ज्यांना शैवालच हवे आहे त्यांना दुकानदार क्लोरेला आणि शैवालतेल हे पर्यायही दाखवतो. क्लोरेला हे खरे हिरवे शैवाल असून त्याची पेशीभित्ती कठीण असते, म्हणून ती फोडलेली आहे असा उल्लेख लेबलवर असावा. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असल्यामुळे रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी त्यापासून दूर राहिलेले बरे. शैवालतेलाची बाब वेगळी आणि काही अंशी अधिक भक्कम आहे, कारण माशांतील ओमेगा-३ चे मूळही समुद्रातील सूक्ष्मशैवालातच असते आणि शाकाहारी माणसाला त्यातला डीएचए हा प्रकार थेट मिळण्याचा तो सरळ मार्ग आहे. तरीही तेथे मात्रेचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायटल चाचणीत रोज एक ग्रॅम माशाच्या तेलाने हृदयविकाराच्या प्रमुख घटना लक्षणीय कमी झाल्या नाहीत, आणि ट्रायग्लिसराइड उतरवण्यासाठी डॉक्टर जी मात्रा लिहून देतात ती दिवसाला चार ग्रॅमपर्यंत असते. दुकानातल्या एका कॅप्सूलमध्ये दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम डीएचए असेल, तर त्या मात्रेच्या ती जवळपासही पोहोचत नाही.

कोणी स्पिरुलिना घेऊ नये, हेही परीक्षणात यायला हवे, कारण कोणत्याच बाटलीवर मला ते नीट लिहिलेले आढळले नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ते घेऊ नये, कारण त्यातील प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलनिन हे त्यांच्या शरीराला न पेलणारे अमिनो आम्ल असते. ल्युपससारखे स्वयंप्रतिकार विकार असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण शैवालामुळे प्रतिकारयंत्रणा उत्तेजित होऊ शकते आणि त्वचेचे व स्नायूंचे असे विकार बळावल्याच्या काही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. यूरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी मोठी मात्रा टाळावी. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरुवातीच्या काळात घरी साखर अधिक वेळा तपासावी. गर्भवतींनी आणि लहान मुलांच्या पालकांनी हा निर्णय काउंटरवर घेऊ नये. रक्तदाबाच्या रुग्णांना याच्या खारट चवीची भीती वाटते, ती मात्र अनाठायी आहे; पाच ग्रॅममध्येही सोडियम सुमारे पन्नास मिलिग्रॅमच असते, आणि त्याहून कितीतरी अधिक मीठ लोणच्याच्या एका फोडीतून पोटात जाते.

माझ्या स्वतःच्या पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड थोडे उतरलेले होते. त्याच काळात मी रात्रीचा भात सोडला होता आणि पर्वतीवरचे सकाळचे चढणे पुन्हा सुरू केले होते, त्यामुळे त्या घटीचे श्रेय या शैवालाला देणे मला योग्य वाटत नाही, आणि एका माणसाच्या दोन अहवालांवरून तसे म्हणणाऱ्यांवरही वाचकांनी विसंबू नये. सुरुवातीचे काही दिवस पोट किंचित फुगत असे, मात्रा अर्ध्यावर आणून हळूहळू वाढवल्यावर तो त्रास थांबला. गोळ्यांची बाटली मी पुन्हा घेणार नाही. पावडरीचे पाकीट पुन्हा मागवले आहे, रोज दोन ग्रॅम एवढ्याच मात्रेसाठी, बी-१२ ची वेगळी गोळी चालू ठेवून आणि माझ्या डॉक्टरांच्या नोंदीत पावडरीचे नाव लिहून घेऊन. मायक्रोसिस्टिनची तपासणी असलेला अहवाल नव्या बॅचबरोबर आला नाही, तर तेही परत पाठवण्याचे मी त्या उत्पादकाला कळवले आहे.